चष्म्याचा नंबर काढायला आलेला माणूस

चौतीस वर्षांचा टेम्पोचालक. तक्रार एवढीच: "पंधरा दिवस झाले, धूसर दिसतंय. नंबर काढून द्या."

दोन्ही डोळ्यांची नजर ६/२४, म्हणजे निरोगी डोळ्याला चोवीस मीटरवरून दिसणारं अक्षर याला सहा मीटरवरूनच दिसतं. पिनहोल, म्हणजे बारीक छिद्राची चकती, लावूनही पुढची ओळ वाचता येईना. दोष नुसता नंबरचा असता, तर त्या बारीक छिद्रातून नजर सुधारली असती. खोदून विचारल्यावर कळलं, सकाळी उठताना डोकं ठणकतं. बीपी २२०/१३०. जाड दंडाला लहान पट्टा बांधला की आकडा फुगतो, म्हणून पाच मिनिटं टेकून बसवून, मोठ्या पट्ट्याने पुन्हा घेतलं. २१६/१२८.

बाहुली मोठी करायला नुसतं ट्रॉपिकामाइड टाकलं. फिनायलेफ्रिन मिसळलेली बाटली बाजूला ठेवली, कारण ते बीपी चढवू शकतं.

आत पडद्यावर दोन्ही डिस्क, म्हणजे डोळ्याच्या नसेची टोकं, सुजलेल्या, कडा पुसट. आजूबाजूला ज्योतीसारखे रक्तस्राव. मज्जातंतूंच्या ओळींमधून पसरल्यामुळे रक्ताला तो आकार येतो. बारीक रोहिण्या बंद पडून झालेले, कापसाच्या बोळ्यांसारखे पांढरे डाग. आणि मॅक्युलाभोवती, म्हणजे पडद्याच्या मधल्या, बारीक बघणाऱ्या भागाभोवती, पिवळट चांदणी, म्हणजे रक्तवाहिन्यांतून पाझरलेली चरबी. कीथ, वेगनर आणि बार्कर यांच्या बीपीमुळे पडद्यावर होणाऱ्या बदलांच्या १९३९च्या वर्गीकरणात ही चौथी, शेवटची पायरी. दोन्ही डिस्क सुजल्या की मेंदूतली गाठ आधी आठवते. पण स्कॅनची चिठ्ठी लिहिण्यापूर्वी दंडाला पट्टा बांधलेला बरा.

सोबतच्या भावाने विचारलं, "बीपीची गोळी जिभेखाली देऊ का?" हे मात्र अजिबात करायचं नसतं. रोहिण्या चढ्या दाबाला सरावलेल्या असतात. दाब एकदम कोसळला तर मेंदूचा आणि डोळ्याच्या नसेचा रक्तपुरवठा तुटतो, आणि असलेली नजरही कायमची जाऊ शकते. पहिल्या तासात साधारण पाव भागापेक्षा जास्त उतरवत नाहीत, तेही भरती करून, नजरेखाली. त्याच संध्याकाळी फिजिशियनकडे पाठवलं. रक्तातलं क्रिएटिनिन, जे मूत्रपिंडाचं काम मंदावलं की वाढतं, ३.८, लघवीत भरपूर प्रथिनं, सोनोग्राफीत दोन्ही मूत्रपिंडं आक्रसलेली. मूळ दुखणं तिथे होतं. डोळ्यासाठी वेगळं औषध किंवा लेझर लागलं नाही. बीपी आटोक्यात आणणं हाच उपचार.

डिस्कची सूज काही आठवड्यांत ओसरली. चांदणी चिवट, तीन महिन्यांनीही पुसट दिसत होती. उजवी नजर ६/९ वर आली. डावी ६/१२ वरच थांबली, त्या बाजूची डिस्क फिकी पडली आहे, म्हणजे नसेला कायमची इजा झाली आहे. चष्म्याचा नंबर निघाला उणे अर्धा. क्रिएटिनिन अजून ३.४ आहे, आणि दर महिन्याची फेरी आता मूत्रपिंडाच्या डॉक्टरांकडे असते.