हाना रोड: ‘अर्ध्या दिवसात होतो’ म्हणणाऱ्यांचं ऐकू नका

हवाईतल्या माउई बेटावरचा हाना रोड एका दिवसात जाऊन-येऊन करायचा नाही. आम्ही केला, आणि ज्यासाठी गेलो होतो तेच राहिलं.

विमानतळाच्या काहुलुई गावापासून हाना गाव फक्त ५२ मैल. सॅन होजेतल्या ओळखीच्या एका कुटुंबाने सांगितलं होतं, ‘अर्ध्या दिवसात होतो. आरामात नाश्ता करून निघा, संध्याकाळी हॉटेलवर परत.’ आम्हीही ५२ मैल म्हणजे तास-सव्वा तास धरून चाललो. पण या ५२ मैलांत ६२० च्या आसपास वळणं आहेत आणि ५९ पूल, त्यातले ४६ एकेरी, म्हणजे एका वेळी एकाच बाजूची गाडी जाईल एवढे अरुंद. हा रस्ता १९२६ साली पूर्ण झाला, आणि बरेच पूल त्या जुन्या काळातलेच आहेत. कुठेही न थांबता गेलं तरी अडीच तास लागतात. थांबत गेलात तर पाच धरा. आंबोली घाट पावसात चालवला असेल तर तो घाट तीन-चार वेळा एकापुढे एक लावा, म्हणजे अंदाज येईल.

आम्ही साडेनऊला निघालो. ही पहिली चूक. सातच्या आत पाइया गाव मागे पडलं पाहिजे. टाकी पाइयातच फुल करा, नकाशे आधीच फोनमध्ये उतरवून घ्या, पुढे बराच वेळ सिग्नल नसतो. मागे बसणाऱ्यांना उलटीची गोळी निघण्याच्या अर्धा तास आधी द्या. आमच्या धाकटीला आठव्या मैलावर दिली, उपयोग झाला नाही.

मैलांच्या पाट्यांनी आमचा सगळ्यात जास्त घोळ केला. काहुलुईहून निघालेला ३६ नंबरचा रस्ता काउपाकालुआच्या फाट्यानंतर ३६० होतो, आणि तिथून पाट्या पुन्हा शून्यापासून सुरू होतात. धबधब्यांच्या सगळ्या याद्या या दुसऱ्या शून्यापासून मोजलेल्या असतात. हाना ३४ च्या आसपास येतं. त्यापुढे मात्र पाट्या ५१ पासून उलट्या उतरत जातात. आमच्या यादीत ‘वाइलुआ धबधबा, ४५’ एवढंच लिहिलेलं होतं. आम्ही समजलो, हानाच्या पुढे अकरा मैल. प्रत्यक्षात तो सहा-सात मैलांवरच आला. वळण संपलं आणि पाण्याची ८० फुटी सरळ धार रस्त्यालगतच उभी! काच खाली केली तर तुषार थेट स्टिअरिंगवर. दिवसभराचा शीण त्या दोन मिनिटांत उतरला. चढण नाही, तिकीट नाही. वाटेतले बाकीचे पाच धबधबे सोडले तरी चालेल, हा सोडू नका.

त्याआधी एका ठिकाणी रस्त्याकडेच्या खाजगी जागेत एकाने पार्किंगचे वीस डॉलर रोख घेतले. आत दहा मिनिटं चाललो तर गुडघाभर पाण्याचं डबकं. असं कुणी हात करून बोलावलं तर थांबू नका. पण म्हणून ‘पार्किंग नाही’च्या पाटीखालीही गाडी लावू नका, दंड २३५ डॉलर आहे. वाइआनापानापाचा काळ्या वाळूचा किनारा बघायचा असेल तर हवाईबाहेरच्यांना आधी ऑनलाइन वेळ राखून ठेवावी लागते, त्याच दिवशी मिळत नाही: माणशी ५ डॉलर आणि गाडीचे १०. हानाच्या पुढे किपाहुलू लागतं, तो हालेआकाला राष्ट्रीय उद्यानाचा भाग; तिथे गाडीमागे ३० डॉलर, कार्डनेच. ती पावती तीन दिवस चालते आणि हालेआकाला ज्वालामुखीच्या शिखरावरही चालते, म्हणून जपून ठेवा.

किपाहुलूला पोचलो तेव्हा पावणेचार वाजले होते. पिपिवाई वाट जाऊन-येऊन चार मैलांची, बांबूच्या दाट बनातून ४०० फुटी वाइमोकू धबधब्यापर्यंत. मला तीच चालायची होती. डिसेंबरात सहाच्या आत सूर्य मावळतो. वाटेच्या सुरुवातीला उभी राहून बांबू एकमेकांवर आपटल्याचा आवाज ऐकला आणि मागे फिरले. अजून वाईट वाटतं.

आता परतीचं. रस्त्यावर दिवे नाहीत. हाना सोडल्यावर पाऊस सुरू झाला, मागे एक पिकअप चिकटली. मी घाबरून तशीच पुढे चालवत राहिले. नवरा म्हणाला, ‘अगं, बाजूला घे, त्याला घरी जायचंय.’ घेतली. त्याने एकदा हॉर्न दिला, हात हलवला आणि गेला. मागे गाडी दिसली की लगेच वाट द्या, तिथल्या लोकांचा तो रोजचा रस्ता आहे. मग वाटेतल्या केआनाए गावाच्या अलीकडे एका एकेरी पुलावर मी अर्ध्यात असताना समोरून दिवे आले. समोरच्याच्या मागे आणखी तीन गाड्या. मलाच मागे घ्यावी लागली, ओल्या उतारावर, मागे वळण, आरशात फक्त काळोख. नवरा टॉर्च घेऊन खाली उतरला आणि कठड्याला हात लावून ‘ये, ये, बस’ करत राहिला. वीस-पंचवीस फूट असतील. माझे हात नंतर पाइया येईपर्यंत थरथरत होते. पुलाच्या तोंडाशी पूर्ण थांबा, पलीकडची रांग संपू द्या, मगच चाक पुलावर घाला. रात्री तर दिवे दिसले नाहीत तरी पाच सेकंद थांबा.

किपाहुलूच्या पुढून दक्षिणेकडूनही परत येता येतं, पण काही मैल कच्चे आहेत. भाड्याच्या गाडीचा करार आधी वाचा.

एकच दिवस हातात असेल तर केआनाएपर्यंत जा, तिथली गरम बनाना ब्रेड घ्या, दुपारी मागे फिरा. धबधबे आणि वाइमोकू दोन्ही हवे असतील तर हानात एक रात्र काढा, महाग पडलं तरी. आम्ही पुढच्या वेळी दोन रात्री काढणार आहोत आणि पिपिवाई सकाळी आठला सुरू करणार.