ग्रीनहार्ट: गयानाचं पाण्यात बुडणारं लाकूड

ग्रीनहार्ट बघायला निघालात, तर जंगलाआधी गयानाच्या राजधानीत, जॉर्जटाउनच्या समुद्रभिंतीवर जा, तेही ओहोटीच्या वेळी. भरतीचं पाणी शहरापेक्षा उंच चढतं, त्यामुळे पावसाचं पाणी समुद्रात सोडायला ओहोटीचीच वाट बघावी लागते. ती लागली की कालव्यांच्या तोंडाचे दरवाजे वर ओढतात आणि भरतीआधी पुन्हा खाली सोडतात. या दरवाजाला इथे ‘कोकर’ म्हणतात. शब्द डचांच्या काळातला आहे. जुन्या कोकरांचं लाकूडकाम ग्रीनहार्टचं. रोज भिजणं आणि सुकणं चालू असतं, त्या पट्ट्यातच बाकीची लाकडं आधी कुजतात. हे टिकतं. खाऱ्या पाण्यात लाकूड पोखरणारे जीव असतात, शिंपल्यांच्याच जातीतले. तेही याला सहसा लागत नाहीत. गाभ्यातल्या अल्कलॉइड नावाच्या कडू द्रव्यांचा यात वाटा असावा, असं मानतात.

शहरातलं सेंट जॉर्ज कॅथेड्रल याच लाकडावर उभं आहे. उंची सुमारे ४३ मीटर. आत मान वर करून तुळया नीट बघा.

तिथून लिंडेनपर्यंत डांबरी रस्ता, पुढचा रस्ता पूर्वी लाल मातीचा होता. माबुरा हिलच्या बाजूला तपकिरी वाळूच्या जमिनीवर हे झाड कळपाने वाढतं. अशा कळपाला तिथले लोक ‘रीफ’ म्हणतात. कारण बी. ते इतकं जड असतं की आईच्या बुंध्यापासून फार लांब जातच नाही. झाड दालचिनीच्या कुळातलं, ३० मीटरच्या आसपास उंच, खोड सरळसोट आणि बराच वर जाईपर्यंत फांदी नाही. बंदराचे लांब खांब याचेच का करतात, ते इथे डोळ्यांनी दिसतं.

ताजा काप जवळून बघितला तर रंग एकसारखा नसतो. पिवळसर हिरवा, मधे तपकिरी, कुठे काळे पट्टे. सालीकडचं लाकूड आणि गाभा यांची सीमा अस्पष्ट असते. खरेदी करताना इथेच फसगत होते, कारण बाहेरचा फिकट थर गाभ्याइतका टिकत नाही. वजन घनमीटरला सुमारे १००० किलो, म्हणून ओला ओंडका पाण्यात तळ गाठतो. पूर्वी नदीतून नेताना ओंडके होड्यांच्या दोन्ही बाजूंना बांधून, लोंबकळत नेत.

खरी कसोटी सॉ मिलमध्ये लागते. खोडात ताण कोंडलेला असतो. करवत आत शिरली की तो सुटतो आणि ओंडका कधी कधी बंदुकीच्या बारासारखा आवाज करत फुटतो. म्हणून चिरून पुढे आलेल्या भागाभोवती साखळी आवळूनच पुढे कापतात. टोकाच्या रेषेत कुणी उभं राहायचं नाही. साखळी बांधायचा कंटाळा करणाऱ्या गिरणीत मी तरी पाऊल टाकणार नाही.

पुढच्या कामाचं सांगायचं तर, धार पटकन जाते, म्हणून कार्बाइडची पाती आणि सावकाश गती. खिळा थेट ठोकला की फळी चिरते, त्यामुळे गिरमिटाने आधी भोक पाडायचं, अगदी टोकाजवळ तर नक्कीच. वाळायला फार वेळ लागतो. घाई केली की टोकांना आणि पृष्ठभागावर भेगा पडतात, म्हणून टोकांना मेण किंवा रंग लावून सावलीत थप्पी रचायची आणि प्रत्येक थरामध्ये पट्ट्या ठेवायच्या. जाड तुळया बहुधा ओल्याच बसवतात. पाण्यातल्या कामाला ते चालतंही.

कुसळांना मात्र जपा. या लाकडाची कुसळ बोटात मोडून राहिली तर जखम चिघळते. जाड हातमोजे घालाच, आणि भुसा उडतो तिथे मास्कही. कुसळ शिरली तर लगेच पूर्ण काढून जखम धुवायची, संध्याकाळपर्यंत ठेवायची नाही.

या कठीणपणाचा उपयोग ध्रुवांपर्यंत झाला. १८९२ साली पाण्यात उतरलेल्या ‘फ्राम’ या जहाजाला बाहेरून ग्रीनहार्टचं आवरण होतं. १९१५ मध्ये अंटार्क्टिकाजवळच्या वेडेल समुद्रात बुडालेल्या ‘एंड्युरन्स’ जहाजालाही ते होतं. त्याचा सांगाडा २०२२ मध्ये ३,००८ मीटर खोलीवर सापडला. बर्फ घासून लाकूड झिजवतो, आणि त्या घासण्याला हे पुरून उरतं.

माबुराहून आणखी दक्षिणेला कुरुपुकारीला एसेक्विबो नदी ओलांडली की इवोक्रामाचं राखीव जंगल लागतं, सुमारे ३,७१,००० हेक्टरचं. इथे पायवाटेवर ग्रीनहार्टची बी पडलेली दिसते, मुठीत मावणारी. उचलू नका. रुजायला तिला कित्येक महिने लागतात आणि कोंब वर आल्यावरही सावलीत वर्षानुवर्षं ती हळूहळूच वाढते. एकाच रीफमधली मोठी झाडं एका दमात तोडली, तर नव्या रोपांसाठी बी टाकायला तिथे आईझाडच उरत नाही.