गठ्ठ्याने येणारा पैसा आणि वयाचे टप्पे

आर्थिक नियोजनाचे बहुतेक सल्ले महिन्याच्या एक तारखेला पगार होणाऱ्या माणसासाठी लिहिलेले असतात. पगारातले वीस टक्के बाजूला टाका, एसआयपी (दरमहा म्युच्युअल फंडात ठरावीक रक्कम) लावा, झालं. कर्नाटक-महाराष्ट्र सीमेवरच्या बेळगाव भागात, चिकोडी-अथणीकडच्या ऊसवाल्याला मात्र कारखान्याकडून वर्षातून एकदा-दोनदा बिल, म्हणजे उसाचे पैसे, येतात. निपाणीच्या तंबाखूवाल्याचंही तसंच. खानापूरचा पोरगा फौजेतून सुटतो तेव्हा सगळी रक्कम एकदम खात्यात पडते. इथल्या आयुष्याचे टप्पे अशा रकमांनीच ठरतात. आणि पैसे आल्यावर विचार सुरू केला, तर सोनार, प्लॉटवाला आणि सोसायटीचा एजंट तिघेही आधीच दारात पोचलेले असतात.

सगळ्यात कोवळ्या वयात मोठी रक्कम पाहतो तो अग्निवीर, म्हणजे चार वर्षांसाठी फौजेत भरती झालेला पोरगा. चार वर्षांनंतर सेवानिधी मिळतो. त्यात त्याचा स्वतःचा वाटा सुमारे ५.०२ लाख, तेवढाच सरकारचा, म्हणजे १०.०४ लाख आणि वर व्याज. प्राप्तिकर नाही. पण पेन्शन नाही, ग्रॅच्युइटी नाही, आणि सेवेतला ४८ लाखांचा विमा सुटल्या दिवशी संपतो. म्हणून टर्म विमा (मुदतीत मृत्यू झाला तरच रक्कम देणारा) सेवेत असतानाच, पगाराची स्लिप हातात असताना घ्यावा. अर्जात फौजेतली नोकरी स्पष्ट लिहावी. बाहेर आल्यावर उत्पन्नाचा पुरावा नसतो आणि कंपन्या मोठं संरक्षण द्यायला कांकूं करतात. शेतीवाल्यांचीही अडचण हीच. उत्पन्न करपात्र नसलं तरी तीन वर्षं रिटर्न भरून ठेवलं, तर विम्यालाही उपयोगी पडतं आणि पुढे कर्जालाही.

सेवानिधीतून वर्षभराचा खर्च आधी बँकेत वेगळा काढावा. नवी नोकरी लागायला किंवा परीक्षेच्या तयारीला तेवढा वेळ जातोच. उरलेल्यावर पहिला डोळा प्लॉटवाल्याचा असतो. बेळगावच्या आजूबाजूला बिगरशेती आदेश नसलेल्या शेतजमिनीचे गुंठ्या-दोन गुंठ्यांचे तुकडे बाँडपेपरवर विकले जातात. नोटरीचा शिक्का असला तरी त्या कागदाने मालकी मिळत नाही. त्यासाठी सब-रजिस्ट्रारकडे नोंदवलेलं खरेदीखत लागतं. अशा जागेवर बँक गृहकर्ज देत नाही. मूळ मालक वारला की त्याचे वारस उताऱ्यावर आपली नावं चढवून मोकळे होतात. स्वस्त आहे म्हणून घेतलेली ही जागा सगळ्यात महाग पडते.

पुण्याला, गोव्याला किंवा बेंगळुरूला कंपनीत गेलेल्यांचं दुखणं वेगळंच. नोकरी बदलली की पीएफ काढून घ्यायची सवय. सलग पाच वर्षं व्हायच्या आत काढला तर कर लागतो, आणि दहा वर्षं भरण्याआधी पेन्शनचा हिस्साही काढला तर ५८ व्या वर्षापासून मिळणारी पेन्शन हातची जाते. जुनं खातं त्याच यूएएनवर, म्हणजे पीएफच्या कायमच्या नंबरवर, नव्या कंपनीत वर्ग करावं. त्यात आडवं येतं ते नाव. शाळेचा दाखला मराठीत, आधारवर कानडी, आणि इंग्रजी स्पेलिंग प्रत्येक कार्यालयाने आपापल्या कानाने लावलेलं. कुठे आडनाव आधी, कुठे वडिलांचं नाव गायब. आधार, पॅन, बँक आणि पीएफ या चारही ठिकाणी नाव व जन्मतारीख अक्षर न् अक्षर जुळलीच पाहिजे. नाहीतर दावा परत येतो. हे काम पंचविशीत उरकावं. साठीत ते करायला फार हेलपाटे पडतात.

आता ऊसवाल्या घराकडे येऊ. वय तीस ते पन्नास, पोरं शाळेत, खर्च महिन्याचा आणि मिळकत हंगामाची. समजा घरखर्च महिना १५,००० आहे. बिल जमा झालं की वर्षाचे १,८०,००० आधी वेगळे काढायचे. ४५,००० बचत खात्यात, आणि ४५,००० च्या तीन मुदत ठेवी अनुक्रमे ३, ६ आणि ९ महिन्यांच्या. दर तिमाहीला एक ठेव सुटते आणि घराला एका अर्थाने पगार सुरू होतो. सगळी रक्कम एकाच ठेवीत ठेवली तर पहिल्या दवाखान्यालाच ती मोडावी लागते. आडसाली लागण असेल तर वर्षाचा हिशेब चालत नाही. ते पीक सोळा-अठरा महिने शेतात असतं, त्यामुळे तरतूदही अठरा महिन्यांची लागते. खोडव्याला, म्हणजे तोडलेल्या उसाच्या बुडख्यातून पुन्हा फुटणाऱ्या पिकाला, बारा पुरतात. ऊस दिल्यापासून १४ दिवसांत पैसे, उशीर झाला तर १५ टक्के व्याज, असं १९६६ चा ऊस नियंत्रण आदेश सांगतो. प्रत्यक्षात बिल कधी येतं ते ऊसवाल्यांना सांगायला नको. आखणी करताना आदेशावर विसंबू नये.

घरखर्चाच्याही आधी सोसायटीचं पीककर्ज बघावं. शून्य टक्के व्याजाची सवलत वेळेत फेडणाऱ्यालाच आहे. तारीख चुकली की ती जाते. हातात बिल नसेल तर थोडे दिवस सोनं तारण ठेवून का होईना, तारीख सांभाळलेली बहुधा परवडते. मात्र दोन्ही व्याजांचा हिशेब कागदावर करूनच.

बाजूला काढलेला पैसा कुठे ठेवायचा, यावर मात्र सविस्तर बोलायला हवं. आपल्याकडे गल्लीगल्लीत सौहार्द (कर्नाटकाच्या कायद्याखालच्या सहकारी संस्था), मल्टिस्टेट (एकापेक्षा जास्त राज्यांत चालणाऱ्या), पतसंस्था. रोजची छोटी ठेव गोळा करणारा पिग्मीवाला संध्याकाळी दुकानात येतो, चेअरमन ओळखीचे, व्याज बँकेपेक्षा टक्का-दोन टक्के जास्त. पिग्मी वाईट नाही. उडुपीच्या सिंडिकेट बँकेने १९२८ मध्ये ती सुरू केली ती रोजच्या गल्ल्यातून बचत व्हावी म्हणूनच. प्रश्न पैसे कोणाकडे जातात हा आहे. बँक बुडाली तर ठेव विमा महामंडळ एका ठेवीदाराला एका बँकेमागे व्याजासह ५ लाखांपर्यंत देतं, सगळ्या शाखा मिळून. अर्बन बँका आणि जिल्हा मध्यवर्ती बँक या विम्यात येतात. कर्नाटकाच्या १९९७ च्या सौहार्द कायद्याखालच्या पतसंस्था, २००२ च्या कायद्याखालच्या मल्टिस्टेट पतसंस्था आणि गावची कृषी पत्तीन (शेतीला पतपुरवठा करणारी) सोसायटी येत नाहीत. इमारत काचेची असली, आत लॉकर असले, तरी नाहीत. मल्टिस्टेट अडचणीत आली तर तिचा निबंधक दिल्लीत बसतो, हेही ध्यानात असू द्या.

तपासायला दोन मिनिटं लागतात. महामंडळाच्या संकेतस्थळावर विमा असलेल्या बँकांची यादी असते, त्यात नाव शोधायचं. नसेल तर तिथे तेवढाच पैसा ठेवावा जो दोन-तीन वर्षं अडकला तरी घर हलणार नाही. माझ्या मते एकूण ठेवीच्या दहाव्या हिश्श्यापेक्षा जास्त नको. पिग्मी वर्षाअखेर सुटली की ती रक्कम तिथेच पुन्हा ठेवू नये, बँकेत न्यावी. मुलीच्या लग्नाचा पैसा आणि म्हाताऱ्यांच्या औषधाचा पैसा अशा ठिकाणी अजिबात नको. भिशीलाही हेच लागू. ती ओळखीवर चालते, आणि आधी उचल घेतलेला हप्ते थांबवून बसला तर मागच्यांचे पैसे अडकतात.

कर्नाटक सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेचे महिना २,००० रुपये घरातल्या बाईच्या नावावर येतात, हप्ता मागेपुढे होतो खरा. ते तिच्याच पीपीएफमध्ये (सरकारी दीर्घ मुदतीचं बचत खातं) गेले तर ७.१ टक्क्यांनी पंधरा वर्षांत सव्वासहा लाखांच्या वर होतात. महिन्याच्या ५ तारखेआधी भरावे, नंतर भरले तर त्या रकमेवर त्या महिन्याचं व्याज मिळत नाही. मुलगी दहा वर्षांच्या आतली असेल तर तिच्या नावाने सुकन्या समृद्धी खातं, सध्या ८.२ टक्के. दर सरकार तिमाहीला ठरवतं, भरताना पाहून घ्यावा.

दवाखान्याचं गणित सीमेमुळे बिघडतं. सरकारी आरोग्य योजनेचं कार्ड कर्नाटकाचं आणि पेशंट महाराष्ट्रात, कोल्हापूर नाहीतर मिरजेला. दाखल होण्याआधी त्या दवाखान्यात ते कार्ड चालतं का, हे योजनेच्या काउंटरवर विचारून घ्यावं. सहकारी संस्थेच्या सभासदांसाठी यशस्विनी ही कर्नाटकाची आरोग्य योजना आहे, तिची नोंदणी वर्षातून ठराविक मुदतीतच होते. खासगी पॉलिसी घेताना बेळगाव, कोल्हापूर आणि मिरज या तिन्ही ठिकाणचे कॅशलेस दवाखाने यादीत आहेत का बघावं. आई-वडिलांची पॉलिसी लवकर काढावी, कारण जुन्या आजाराला तीन वर्षांपर्यंत थांबावं लागतं.

पेन्शनीवर येणारा फौजी चाळिशीच्या आतबाहेर असतो. ग्रॅच्युइटी, फौजेतला भविष्य निर्वाह निधी आणि पेन्शन विक्री (पेन्शनचा काही भाग सोडून त्याबदली एकदम घेतलेला पैसा) मिळून मोठी रक्कम येते. पेन्शनचा जास्तीत जास्त निम्मा भाग विकता येतो आणि तो पंधरा वर्षांनी पूर्ववत होतो. नेमकी याच पंधरा वर्षांत पोरांची कॉलेजं आणि लग्नं येतात. सगळा पैसा गावच्या दुमजली घरात घातला, तर मुलाच्या इंजिनिअरिंगला पुन्हा कर्ज. महागाई भत्त्याची पेन्शन पाठीशी असल्यामुळे या माणसाला शेतकऱ्यापेक्षा जास्त धोका झेपतो. दहा वर्षं न लागणारा भाग इंडेक्स फंडात (शेअर बाजाराच्या निर्देशांकाप्रमाणे चालणारा म्युच्युअल फंड) टप्प्याटप्प्याने टाकायला हरकत नाही.

साठीनंतर सोपं आहे. ज्येष्ठ नागरिक बचत योजना, ३० लाखांपर्यंत, ८.२ टक्के. १० लाखांवर तिमाहीला २०,५०० येतात. अवघड असते ती जमीन. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, पैसे शेवटी वारसांचेच. मुलींचा हिस्सा २००५ पासून मुलांइतकाच, त्यामुळे तोंडी वाटणी आणि बहिणीची कोऱ्या कागदावरची सही पुढे कोर्टात सहसा टिकत नाही. मृत्युपत्र मराठीत चालतं, दोन साक्षीदार मात्र पाहिजेतच. मुलाच्या नावावर जमीन बक्षीसपत्राने करायची असेल तर आई-वडिलांना सांभाळण्याची अट त्याच दस्तात लिहून घ्यावी. सांभाळलं नाही तर २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम २३ खाली ते बक्षीसपत्र रद्द करून मागता येतं. अट लिहिलेली नसेल तर ते सिद्ध करणं फार जड जातं.