तारखाच पुसल्या होत्या: मेंदूच्या एमआरआय डेटाचा माझा अनुभव

त्याच रुग्णांचे पुन्हा पुन्हा घेतलेले मेंदूचे स्कॅन, मेंदू किती वेगाने आकसतो ते पाहायला त्यावर मिश्र परिणाम मॉडेल (सगळ्यांचा सामाईक कल आणि प्रत्येक रुग्णाचा वेगळेपणा एकत्र मोजणारं संख्याशास्त्रीय मॉडेल). अवघड भाग मॉडेलचा असेल असं वाटलं होतं. गाडी अडली तारखांपाशी, तीही इंदूरच्याच एका स्कॅन सेंटरच्या खिडकीवर.

नावं काढून फायली मिळाल्या, ते योग्यच. पण नावांबरोबर तारखाही पुसलेल्या. उरलं फक्त 'भेट 1, भेट 2, भेट 3'. विचारलं तर दर वेळी एकच उत्तर, 'तारखा देता येत नाहीत.' आता सहा महिन्यांची भेट सहाव्याच महिन्यात होते का? धार-खरगोनकडचा माणूस सोयाबीनच्या काढणीत गाव सोडत नाही, तो नवव्या महिन्यात येतो. समजा हिप्पोकॅम्पस, म्हणजे मेंदूतला स्मरणशक्तीशी निगडित भाग, दोन भेटींत 3 टक्के आकसला. सहा महिने धरले तर वर्षाचा दर 6 टक्के, नऊ धरले तर 4. भेटीच्या क्रमांकावर मॉडेल बसवलं की हा फरक सरळ निकालात शिरतो.

खऱ्या तारखा मागूच नका, हे मला फार उशिरा सुचलं. एका रुग्णाच्या सगळ्या तारखा सारख्याच दिवसांनी सरकवून मागा. किती दिवसांनी, ते रुग्णागणिक वेगळं. ओळख झाकली जाते, अंतरं शाबूत राहतात. डायकॉम, म्हणजे वैद्यकीय स्कॅनच्या फायलींचं मानक, त्याच्या 15व्या भागात बदललेल्या तारखा ठेवण्याची सोय आहेच. अर्जात तसं लिहिल्यावर काम झालं. पहिल्या स्कॅनच्या वेळचं वय त्याच अर्जात मागा. आणि तारीख आठ अंकांत, 20230703 अशी. एक्सेलमध्ये 03/07 चा 7 मार्च कधी होतो, कळतही नाही.

फ्रीसर्फर या मेंदूचे भाग मोजणाऱ्या सॉफ्टवेअरची, एकाच रुग्णाचे अनेक स्कॅन एकत्र हाताळणारी प्रक्रिया सुरळीत झाली. मॉडेलमध्ये काळ पहिल्या स्कॅनपासूनच्या वर्षांत घाला. दिवसांत घातला की आकड्यांच्या मोजपट्ट्या जुळत नाहीत आणि गणित अडखळतं. सुरुवातीचं वय वेगळं चल म्हणून ठेवा. बहुतेकांचे दोनच स्कॅन असतील तर प्रत्येकाचा स्वतंत्र उतार, म्हणजे आकसण्याचा वेग, मॉडेलला पेलत नाही, 'सिंग्युलर' असा इशारा येतो. तेव्हा फक्त सुरुवातीची पातळी रुग्णागणिक बदलू द्या. एकच स्कॅन असलेल्यांना मात्र वगळू नका, पातळी ठरवायला ते कामाला येतात. मॉडेल बसवूनही उरलेल्या चुका एकाच रुग्णाच्या लागोपाठच्या स्कॅनमध्ये एकमेकींशी जोडलेल्या असतात. त्या सहसंबंधासाठी साधा एआर-1 नमुना नको, तो समान अंतरं धरून चालतो. आर या संख्याशास्त्राच्या सॉफ्टवेअरच्या एनएलएमई पॅकेजमध्ये कॉरकार1 (corCAR1) हा पर्याय आहे, तो खरी अंतरं घेतो.

हो, अर्जात मशीनचं मॉडेल आणि सॉफ्टवेअरची आवृत्तीही लिहून मागा. मधेच मशीन बदललं असेल तर ती उडी मेंदू आकसल्यासारखी दिसते, आणि त्यासाठी पुन्हा त्याच खिडकीवर जावं लागतं.