बाहेरून चांगलं दिसणारं बोंड फोडून बघा

जळगाव जिल्ह्यातल्या चोपडा, यावल, रावेर पट्ट्यात मे महिन्यात लावलेल्या बागायती कपाशीला जुलैतच फुलं येतात आणि गुलाबी बोंडअळीच्या पहिल्या पतंगांना आयतं खाद्य मिळतं. म्हणून लागवड जूनमध्येच करा.

पाती, म्हणजे फुलांच्या कळ्या, लागताच हेक्टरी ५ कामगंध सापळे (मादीच्या गंधाने नर पतंगांना ओढणारे) पिकाच्या शेंड्यापेक्षा फूटभर उंच लावा. त्यातली ल्युअर, म्हणजे गंधाची गोळी, वेळेवर बदला. जुन्या ल्युअरवर पतंग येत नाहीत आणि शेतात अळी नाही असं वाटतं. सलग ३ रात्री दर रात्री सापळ्यामागे ८ पतंग आले, की फवारणीची वेळ झाली.

पण सापळ्यावरच विसंबू नका. अळी कोवळ्या बोंडात शिरते, बोंड वाढताना छिद्र बुजतं. बाहेर डाग नाही, आत सरकी पोखरलेली! एकरी २० हिरवी बोंडं शेतभर फिरून तोडा आणि फोडा. २ बोंडांत अळी असली तरी नुकसानीची पातळी गाठली समजा. पाकळ्या चिकटून गुलाबाच्या कळीसारखी दिसणारी फुलं, म्हणजे डोमकळ्या, तिथल्या तिथे तोडून अळीसकट नष्ट करा.

सुरुवातीलाच सिंथेटिक पायरेथ्रॉइड गटातलं रासायनिक कीटकनाशक मारलं तर पांढरी माशी उसळते. आधी ५ टक्के निंबोळी अर्क फवारा. आणि फरदड, म्हणजे हंगाम संपल्यावरही तीच कपाशी पुढे ठेवणं, नकोच. डिसेंबरअखेर पऱ्हाट्या (कपाशीची वाळलेली झाडं) उपटा, बांधावर रचून ठेवू नका. अळी त्यातल्या किडक्या बोंडांत सुप्त राहते.