ग्रेटफुल डेडची माझी दहा गाणी

ग्रेटफुल डेड या अमेरिकन रॉक बँडची माझी आवडती दहा गाणी क्रमाने लावायची म्हणून वहीचं पान उभं दुमडलं, डावीकडे एक ते दहा आकडे घातले आणि पहिल्यापुढे लगेच ‘डार्क स्टार’ लिहून टाकलं. उरलेल्या नऊ जागा एका संध्याकाळीत भरतील असं वाटलं होतं. अडीच महिने लागले.

पहिल्याच रात्री अडलो. ‘डार्क स्टार’ म्हणजे नेमकं कुठलं? १९६८ साली त्याची तबकडी निघाली, ती तीन मिनिटांच्या आत संपते. ‘लाइव्ह/डेड’ या अल्बमवरचं, २७ फेब्रुवारी १९६९ ला सॅन फ्रान्सिस्कोच्या फिलमोर वेस्टमध्ये वाजलेलं, २३ मिनिटांचं आहे; ठाण्याला जलद लोकल पकडली की जवळपास दादरपर्यंत पुरतं. आणि २७ ऑगस्ट १९७२ ला ओरेगॉनमधल्या व्हेनेटाच्या उघड्या माळावर वाजवलेलं अर्ध्या तासाच्याही पुढे जातं. ख्याल ऐकत वाढलेल्याला याचं नवल वाटत नाही. बंदिश दोन ओळींचीच असते, बढत त्या दिवसाची. पण मग मी क्रम लावतोय तो बंदिशीचा की मैफलीचा?

शेवटी नियम केला. प्रत्येक गाणं तीन वेगवेगळ्या वर्षांतलं ऐकायचं. तिन्ही वेळा धरून ठेवलं तरच यादीत. १९६५ ते १९९५ या तीस वर्षांत या मंडळींनी २,३०० च्या आसपास कार्यक्रम केले आणि ऐकणाऱ्यांना ते खुशाल टेप करू दिले. १९८४ पासून तर टेप करणाऱ्यांसाठी वेगळी जागाच राखलेली असे. गर्दीत माइक उंच धरून उभ्या राहिलेल्या त्या अनोळखी माणसांचे उपकार मानावे तेवढे थोडे.

या नियमाने बरीच गाणी भराभर गळली. ‘टच ऑफ ग्रे’ हे १९८७ चं, अमेरिकेत पहिल्या दहांत पोचलेलं त्यांचं एकमेव गाणं, तेही गेलं.

‘द इलेव्हन’ मात्र मामामुळे राहिलं. मामा तबला शिकवतो. रविवारी तो घरी आला तेव्हा तेच लावलेलं होतं. मी काही सांगायला गेलो तर म्हणाला, “थांब, बोलू नकोस.” डोळे मिटून मांडीवर बोटं आपटत राहिला: तीन, तीन, तीन, दोन. पुन्हा तीन, तीन, तीन, दोन. “अकरा मात्रा आहेत रे! आपला रुद्र ताल अकराचाच. पण यांनी विभाग निराळे पाडलेत. वाजवतंय कोण?”

दोन ड्रमर, बिल क्रॉइट्झमन आणि मिकी हार्ट, असं सांगितलं. हार्ट म्हणजे झाकीर हुसेन यांच्याबरोबर ‘डिगा ऱ्हिदम बँड’मध्ये वाजवणारे, हे सांगितल्यावर तो सरळ बसला. त्या बँडच्या १९७६ च्या अल्बमवर ‘हॅपिनेस इज ड्रमिंग’ नावाचा तुकडा आहे. गिटारवर डेडचेच जेरी गार्सिया. त्यातूनच पुढे डेडचं ‘फायर ऑन द माउंटन’ झालं. माहीमचा तबला त्या गाण्याच्या मुळाशी आहे, हे मामाला सांगताना माझाच आवाज जड झाला. झाकीरभाईंना जाऊन तेव्हा फार दिवस झाले नव्हते.

मग ८ मे १९७७ चा कॉर्नेल विद्यापीठातला कार्यक्रम लावला. ‘स्कार्लेट बेगोनियाज’ संपतं कुठे आणि ‘फायर’ सुरू होतं कुठे, ते बोट ठेवून दाखवता येत नाही. आधीचा ठेका सैल होतो, फिल लेशची बेस गिटार दोन स्वरांभोवती फिरू लागते, गार्सियांची गिटार अजून जुन्याच गाण्यात असते आणि मग सगळे एकदम नव्या घरात. “आले समेवर,” मामा पुटपुटला. मी वही उघडून ‘डार्क स्टार’ दुसऱ्या जागेवर नेलं. दोन गाण्यांना एक धरणं नियमात बसतं का, याचा विचारही केला नाही. जोडराग म्हणून लिहिलं.

तिसरं ‘बॉक्स ऑफ रेन’. लेशचे वडील शेवटच्या आजारात होते तेव्हा लेशनी ही चाल बांधली आणि रॉबर्ट हंटरनी तिला शब्द दिले. १९७० च्या ‘अमेरिकन ब्यूटी’वर ते पहिलंच आहे. ९ जुलै १९९५ ला शिकागोच्या सोल्जर फील्डवर शेवटचं वाजलं तेही हेच. बरोबर एका महिन्याने गार्सिया गेले. दोन्हीकडे गाणारे लेशच, मध्ये पंचवीस वर्षं. मी दोन्ही पाठोपाठ ऐकली आणि त्या रात्री वही मिटून ठेवली.

चौथं ‘मॉर्निंग ड्यू’, मूळ बॉनी डॉब्सन यांचं, अणुयुद्धानंतरच्या सकाळचं. मग ‘जॅक स्ट्रॉ’, ‘टेरापिन स्टेशन’, ‘ब्रोकडाउन पॅलेस’, आठवं ‘द इलेव्हन’, नववं ‘प्लेइंग इन द बँड’. दहाव्या जागेवर सध्या पेन्सिलीने ‘वार्फ रॅट’ आहे. ‘स्टेला ब्लू’चं तिसरं वर्ष ऐकायचं राहिलंय, १९८९ चं काढून ठेवलंय.