मागच्या सीटवरून

नवी गाडी घ्यायचे ठरले की घरातल्या प्रत्येकाला पुढच्या सीटवर बसून पाहायचे असते. शोरूममध्ये उभ्या असलेल्या सेडानचे दार उघडले जाते, कोणी स्टिअरिंगवर हात फिरवतो, कोणी समोरच्या पडद्यावर बोट टेकवतो, कोणी गिअरची दांडी उगाचच मागेपुढे करून पाहतो, आणि विक्रेताही तेवढ्याच उत्साहाने इंजिनाची ताकद, पिकअप आणि ॲव्हरेज यांचे आकडे ऐकवत राहतो. मागे जाऊन बसावे असे मात्र सहसा कोणाला सुचत नाही. वास्तविक कुटुंबासाठी घेतलेली गाडी एका वेळी एकच जण चालवणार असतो आणि उरलेल्यांपैकी बहुतेकांचा प्रवास मागे बसूनच व्हायचा असतो. म्हणून आमच्या घरी सेडान घेण्याचा विषय निघाला तेव्हा मी एवढाच हट्ट धरला की आधी सगळ्यांनी मागे बसायचे. तिथे जीव रमला, तर पुढचे बोलायचे.

मुळात सेडान घेणेच आता थोडे जुन्या वळणाचे मानले जाते. उंच, रुबाबदार एसयूव्हींनी बाजाराचा मोठा भाग काबीज केला आहे. फोर्डसारख्या जुन्या कंपनीने तर २०१८ साली उत्तर अमेरिकेच्या बाजारातून आपल्या सेडान गाड्या टप्प्याटप्प्याने काढून घेण्याचे जाहीर केले. तरीही या रचनेत काही गुण असे आहेत की ते मागे बसल्यावरच कळतात. पुढे इंजिन, मध्ये माणसे आणि मागे सामान अशा तीन वेगळ्या कप्प्यांची ही गाडी असल्यामुळे मागच्या चाकांचा आवाज आणि डिकीतला खडखडाट माणसांपर्यंत पोहोचण्याआधी बराच विरतो. हॅचबॅकमध्ये किंवा एसयूव्हीमध्ये सामानाची जागा आणि बसण्याची जागा यांच्यात अशी पक्की भिंत नसते. शिवाय गाडीचा गुरुत्वमध्य खाली असल्यामुळे वळणावर मागचा माणूस शेजाऱ्याच्या अंगावर कलंडत नाही. ज्यांना गाडीत मळमळते, त्यांना या गुणाचे मोल वेगळे सांगावे लागत नाही.

मागची सीट पाहण्याचीही एक रीत आहे. घरात जो सर्वांत उंच असेल त्याने आधी चालकाची सीट स्वतःच्या सोयीनुसार लावून घ्यावी आणि मग त्याच सीटच्या मागे स्वतः जाऊन बसावे. शोरूममधल्या गाडीत पुढच्या सीटा बहुधा पुढे सरकवून ठेवलेल्या असतात, त्यामुळे मागे ऐसपैस जागा असल्याचा भास होतो. सीट खरोखर मागे घेतली की गुडघे कुठे लागतात, पुढच्या सीटखाली पावले सरकतात की नाही आणि डोके छताला टेकते का, या तीन गोष्टींचा उलगडा दोन मिनिटांत होतो. अलीकडच्या कित्येक सेडानचे छत मागे झपकन उतरते. बाहेरून ते फार देखणे दिसते. आत मात्र नेमके तेच छत बसणाऱ्याच्या केसांपर्यंत येऊन ठेपते आणि आत शिरताना कपाळावर आपटते. तिथे किमान अर्धा तास तरी बसावे असे माझे मत आहे, कारण मांडीखालची गादी आखूड असेल तर पहिल्या पाच मिनिटांत काहीच जाणवत नाही, आणि नंतर मांड्या अधांतरी राहून भरून येतात.

आमच्याकडे खरी परीक्षा आजींनी घेतली. सेडानची सीट जमिनीपासून खाली असते, त्यामुळे तिच्यात बसायचे म्हणजे उतरायचे आणि उतरायचे म्हणजे चढायचे. दुखऱ्या गुडघ्यांना बसण्यापेक्षा उठण्याचा त्रास अधिक होतो. आजींनी इंजिनाविषयी अवाक्षर विचारले नाही. त्यांनी दार किती काटकोनात उघडते ते पाहिले, आधी पाठमोरे होऊन सीटवर बसल्या, मग दोन्ही पाय एकदम आत घेतले आणि बाहेर येताना वरच्या मुठीला धरून उठता येते का हे तपासले. एका गाडीचा उंबरा इतका रुंद होता की पाय जमिनीवर टेकेपर्यंत त्यांना सीटच्या कडेपर्यंत घसरावे लागले. ती गाडी तिथेच बाद झाली, आणि मला वाटते की त्या दिवशी झालेली ती सर्वांत शास्त्रशुद्ध चाचणी होती.

डिकीच्या बाबतीत लोक लिटरांवर फार विश्वास ठेवतात. माहितीपत्रकात अमुक लिटर असे छापलेले असते आणि आकडा मोठा दिसला की मन निश्चिंत होते. हे लिटर पुष्कळदा कसे मोजतात ते पाहण्याजोगे आहे: २०० मिलिमीटर लांब, १०० मिलिमीटर रुंद आणि ५० मिलिमीटर उंच, म्हणजे बरोबर एक लिटर घनफळाचे, ठोकळे डिकीत रचत जायचे आणि मावतील तेवढे मोजायचे. असा ठोकळा सांदीकोपऱ्यातही शिरतो. सुटकेस शिरत नाही. सेडानची डिकी पुष्कळदा अरुंद तोंडाच्या बरणीसारखी असते, पोट हवे तेवढे मोठे आणि तोंडाशी मात्र अडवणूक. मागची काच जितकी तिरपी आणि लांब, तितके झाकण आखूड आणि तोंड लहान. त्यातच झाकणाच्या बिजागऱ्यांच्या जाड वाकड्या दांड्या काही गाड्यांत थेट सामानाच्या जागेत उतरतात, आणि झाकण दाबले की खालच्या बॅगेवर बसतात. म्हणून आम्ही घरातली सर्वांत मोठी सुटकेस शोरूममध्ये सोबत नेली. विक्रेत्याच्या चेहऱ्यावर क्षणभर आश्चर्य उमटले, पण मग त्यानेच ती उचलून आत ठेवून पाहिली, आधी आडवी आणि मग उभी.

डिकीच्या तळाशी स्टेपनी असते, हेही त्याच वेळी पाहून घ्यावे. काही गाड्यांत ती बाकीच्या चार चाकांएवढी असते, काहींत बारीक, तात्पुरती असते आणि तिच्यावर ताशी ८० किलोमीटरची मर्यादा छापलेली असते, तर काहींत ती नसतेच आणि तिच्या जागी पंक्चर बुजवायचा द्रव व हवा भरायचा छोटा पंप ठेवलेला असतो. स्टेपनी तळाशी असण्याचा अर्थ असा की पंक्चर झाल्यावर आधी सगळे सामान रस्त्याच्या कडेला मांडावे लागते. यावर इलाज नाही. निदान जॅक आणि पाना कुठे अडकवलेला आहे हे घरातल्या दोघांना तरी ठाऊक असावे.

सुरक्षेची चर्चाही अशीच पुढच्या सीटभोवती फिरते. एअरबॅग किती, एवढे विचारून समाधान होते. मागच्या मधल्या जागेला खांद्यावरून येणारा पट्टा आहे की नुसता कमरेचा, हे मात्र वाकून पाहावे लागते. खांदा आणि कंबर या दोहोंना धरणारा, एका हाताने लावता येणारा आजचा पट्टा निल्स बोलिन या स्वीडिश अभियंत्याने व्होल्वोसाठी तयार केला आणि १९५९ साली तो गाड्यांमध्ये आला; त्याआधी हे गृहस्थ लढाऊ विमानातून वैमानिकाला बाहेर फेकणाऱ्या सीटांवर काम करत होते. माणसाला बाहेर फेकण्याचे शास्त्र जाणणाऱ्यानेच त्याला जागेवर धरून ठेवण्याची युक्ती काढावी, हे मला फार आवडते. त्या पट्ट्याचे पेटंट कंपनीने इतरांनाही वापरण्यास खुले ठेवले. इतके असूनही मागे बसलेली माणसे पट्टा लावायला आढेवेढे घेतात. धडक बसली तर पट्टा न लावलेला मागचा माणूस पुढच्या सीटच्या पाठीवर आदळतो, म्हणजे पुढे पट्टा लावून बसलेल्याचाही जीव धोक्यात घालतो. लहान मूल असेल तर आयसोफिक्सच्या, म्हणजे मुलाची सीट गाडीला पक्की अडकवण्याच्या, कड्या चाचपून पाहाव्यात. बैठक आणि पाठ यांच्या फटीत त्या असतात, आणि काही गाड्यांत कापडाच्या आत इतक्या खोल दडलेल्या असतात की बोटे सोलवटून निघतात.

रंगाविषयी मी काही बोलणार नाही. त्या वादात कोणी कोणाचे ऐकत नाही. पडद्याविषयी एवढेच, की एसीचा वारा कमी करण्यासाठी चालकाला तीन पाने उलटावी लागत असतील तर तो पडदा कितीही मोठा असो, तो त्रासच आहे.

गाडी घरी आली की पुढच्या सीटचे कौतुक हळूहळू ओसरते आणि मागे माणसे बसल्यावर गाडी कशी बदलते याचा अनुभव येऊ लागतो. एकट्याने चालवताना जी सेडान गतिरोधकावरून अलगद जाते, तीच पाच माणसे आणि भरलेली डिकी घेऊन निघाली की त्याच गतिरोधकावर पोट घासते, कारण वजनाने मागचे स्प्रिंग दबतात आणि पुढच्या आणि मागच्या चाकांमधले अंतर लांब असल्यामुळे मधला भाग अगदी खाली येतो. अशा वेळी अगदी सावकाश जाणे एवढेच हाती असते. टायरमधल्या हवेचेही तसेच आहे. चालकाच्या दाराच्या चौकटीवर किंवा इंधनाच्या झाकणाच्या आत एक छोटा तक्ता चिकटवलेला असतो आणि त्यात बहुधा दोन रकाने असतात, एक थोड्या माणसांसाठी आणि दुसरा पूर्ण भरलेल्या गाडीसाठी. दुसऱ्या रकान्यात मागच्या चाकांचा आकडा पुष्कळदा चांगलाच वाढलेला दिसतो. हवा तपासायची ती टायर थंड असताना, कारण चाललेल्या टायरमधली हवा तापून दाब चढलेला असतो. हे सारे पुस्तिकेत लिहिलेले असते, आणि ती पुस्तिका प्लॅस्टिकच्या वेष्टनासह पुढच्या कप्प्यात निवांत पडून असते.

त्याच पुस्तिकेत मला स्टिअरिंगजवळच्या एका बारक्या चाकाचा उलगडा झाला, ज्याच्यावर शून्यापासून तीनपर्यंत आकडे असतात. मागे वजन बसले की गाडीचे नाक वर होते आणि हेडलाइटचा झोत समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत जातो. हे चाक फिरवले की झोत पुन्हा खाली उतरतो. काही गाड्या हे काम आपोआप करतात, उरलेल्यांत ते माणसाने करायचे असते. रात्री समोरून येणारे लोक दिव्यांची उघडझाप का करत होते, याचे उत्तर पुष्कळांना या चाकापाशी मिळेल.

नव्या गाडीच्या वासाचे अनेकांना आकर्षण असते. तो वास प्लॅस्टिक, गोंद आणि सीटांच्या आवरणांतून सुटणाऱ्या वायूंचा असतो, आणि उन्हात उभ्या राहिलेल्या गाडीत तो अधिकच दाटतो. मागे बसणाऱ्यांना त्याचा त्रास लवकर होतो, कारण त्यांच्याकडे वारा पोहोचायला वेळ लागतो. पुढच्या जाळ्यांतून येणारी गार हवा चालकाच्या छातीवर आदळते, त्याला हुडहुडी भरते आणि तो एसी कमी करतो. मागे मात्र घाम पुसणे चालूच असते. मागच्यांसाठी स्वतंत्र जाळी असलेली गाडी घ्यावी, हे ज्यांनी एकदा उन्हाळ्याचा प्रवास केला आहे त्यांना सांगावे लागत नाही. त्यातून मागची काच पूर्ण खाली जात नाही, म्हणून मुले कुरकुरतात. मागच्या दाराचा खालचा कोपरा चाकासाठी कापलेला असतो, आणि अख्खी काच सामावून घेण्याइतकी जागा त्या दारात उरत नाही. हे कारण मुलांना समजावून सांगितले, तर दार मोठे का केले नाही, असा पुढचा प्रश्न आला.

आता आमच्याकडे शिल्लक राहिलेला वाद मधल्या जागेचा आहे. मागची सीट तिघांची असे कागदोपत्री म्हटले जाते, पण मधली गादी टणक आणि उंच असते, तिच्या पाठीत हात टेकवायचा घडीचा आधार दडवलेला असल्यामुळे कण्याला काहीतरी टोचत राहते आणि पायांशी उंचवटा असतो. पूर्वी हा उंचवटा इंजिनाची ताकद मागच्या चाकांकडे नेणाऱ्या दांड्यासाठी असे. आता बहुतेक सेडानमध्ये इंजिन पुढचीच चाके फिरवते, तरी सायलेन्सरच्या नळीला वाट आणि सांगाड्याला बळकटी देण्यासाठी तो कायम आहे. या जागी कोण बसणार, यावर प्रत्येकाकडे बिनतोड युक्तिवाद असतो. आजींचे गुडघे, मुलाची आयसोफिक्सची सीट आणि मुलीची गाडी लागण्याची सवय या तिन्हींना खिडकी हवी असते, आणि खिडक्या दोनच आहेत. सध्या मुलीने पुढची सीट मिळवली आहे. त्यामुळे पुढच्या सीटवरून नकाशा पाहणे हा आपला हक्क आहे असे मानणारी माझी पत्नी आता मध्ये बसते आणि तिथून, दोन सीटांच्या फटीतून, मला रस्ता सांगते.